दाढी नसलेला जेरोम

लिओनार्दो दा विंचीने रंगवलेल्या संत जेरोमला, बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या चौथ्या शतकातल्या त्या ख्रिस्ती विद्वानाला, दाढी नाही. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटेल. परंतु प्रबोधनकाळातील इटलीत अरण्यवासी, प्रायश्चित्त घेणाऱ्या जेरोमची जी असंख्य चित्रे झाली, त्यांतील काही एकापाठोपाठ एक पाहावीत आणि मग या चित्रापुढे यावे, म्हणजे काय गळाले आहे ते चटकन ध्यानात येते. बेल्लिनीचा जेरोम घ्या, तित्सियानचा घ्या. छातीपर्यंत उतरलेली पांढरी दाढी हे त्या संताचे जणू ओळखपत्रच आहे. ती दिसली की वृद्धत्व, विद्वत्ता आणि वैराग्य या तिन्ही गोष्टी न सांगता पोचतात. लिओनार्दोने हे आयते साधन नाकारले. त्याच्या जेरोमचा चेहरा उघडा आहे, गाल आत गेलेले आहेत, ओठ दात पडलेल्या माणसासारखे आत ओढलेले आहेत आणि हनुवटीखाली काहीही आडपडदा नसलेला एक म्हातारा गळा आहे.

दाढी गेली ती या गळ्यासाठी, असे माझे मत आहे. चित्रापुढे काही वेळ उभे राहिल्यावर नजर ज्या जागी पुन्हा पुन्हा परत येते ती जागा चेहरा नव्हे, हातातला दगड नव्हे, तर कानामागून निघून गळपट्टीच्या हाडापर्यंत उतरणारा तो भाग आहे. वाचकाने हे स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहावे. मान डावीकडे, किंचित वर वळवावी आणि उजव्या हाताची बोटे मानेच्या उजव्या बाजूस ठेवावीत. कानामागच्या उंचवट्यापासून तिरका खाली येणारा, रहाटाच्या दोरासारखा ताठरलेला एक स्नायू बोटांना लागतो. त्याच्यावरून बोटे खाली सरकवत नेली की तो दोन शाखांत फुटतो; एक शाखा छातीच्या मधल्या हाडाला जाऊन मिळते, दुसरी गळपट्टीच्या हाडाला, आणि दोहोंच्या मध्ये एक लहानशी त्रिकोणी खळगी राहते. लिओनार्दोच्या जेरोममध्ये ही दुभंगलेली शाखा, ती खळगी आणि तिच्यात साचलेली सावली हे सगळे आहे. माणूस डावीकडे वर पाहतो आहे, म्हणून उजवा स्नायू ताणला गेला आहे. शरीर काय करते आहे याची इतकी स्पष्ट जाण असलेले दुसरे भक्तिचित्र मला तरी ठाऊक नाही.

हे चित्र व्हॅटिकनच्या संग्रहालयात, पिनाकोतेका या चित्रदालनात आहे. सिस्टीन चॅपेलच्या दिशेने जी भाऊगर्दी वाहत असते तिच्यातले फार थोडे लोक या दालनाकडे वळतात, त्यामुळे लिओनार्दोसारख्या नावाच्या चित्रापुढे धक्काबुक्की न होता उभे राहता येते, हा रोममधला एक दुर्मीळ लाभ आहे. चित्र मोठे नाही. अक्रोडाच्या लाकडाच्या फळीवर काढलेले, सुमारे 103 सेंटीमीटर उंच आणि 75 सेंटीमीटर रुंद. ते अपुरे आहे आणि त्याचे अपुरेपण पहिल्याच दृष्टिक्षेपात जाणवते, कारण बहुतेक सगळे मातकट, पिवळसर तपकिरी रंगाच्या खालच्या थरातच थांबलेले आहे. मधोमध गुडघे टेकलेला, जवळजवळ उघडा वृद्ध. त्याचा उजवा हात बाजूला, शक्य तितका दूर फेकलेला आणि त्या हातात स्वतःच्या छातीवर मारून घेण्यासाठी एक दगड. डावा हात छातीपाशी, वस्त्र बाजूला करणारा. मागे खडकांची कपार, डावीकडे दूरवर निळसर हिरवे डोंगर, उजवीकडे खडकांच्या फटीतून दिसणारी, निव्वळ रेषांत उभी केलेली चर्चची दर्शनी बाजू. खाली उजवीकडे सिंह आहे. तोही केवळ रेषांचा. ज्या क्रूसाकडे जेरोम डोळे लावून आहे तो अगदी उजव्या कडेला दोन-चार फिकट रेघांपुरता आहे आणि सांगितल्याशिवाय तो बहुतेकांना दिसतच नाही.

या चित्राविषयी मला जे म्हणायचे आहे ते या शेवटच्या गोष्टीपाशी सुरू होते. प्रायश्चित्ताचे चित्र म्हटले की त्यात दोन बाजू अपेक्षित असतात, क्षमा मागणारा आणि क्षमा करणारा. येथे मागणारा हाडामांसाने साकारला आहे आणि देणारा जवळजवळ काढलेलाच नाही. त्यामुळे त्या वृद्धाची नजर जेथे जाऊन पोचायची तेथे पोचत नाही. ती रिकाम्या फळीवर जाते. लिओनार्दोचा हा हेतू होता असे मी म्हणणार नाही. चित्र पुरे झाले असते तर तेथे नीट घडवलेला क्रूस आला असता. पण आपल्यापुढे आहे ते पुरे न झालेले चित्र, आणि त्यात हा माणूस उत्तराची खात्री नसताना हात उगारून बसला आहे.

खरा जेरोम कसा होता हे आपल्याला बरेच माहीत आहे, कारण तो लिहीत असे आणि स्वतःविषयी लिहायला तो कधी संकोचला नाही. चौथ्या शतकाच्या मध्यास स्ट्रिडॉन नावाच्या गावी जन्मलेला, रोममध्ये व्याकरण आणि वक्तृत्व शिकलेला हा तरुण 375 च्या आगेमागे सिरियातील कालकिसच्या वाळवंटात तपाचरणासाठी गेला. त्या वेळी तो तिशीच्या आसपास होता. चित्रांमधला जर्जर म्हातारा हा चित्रकारांनी घडवलेला आहे. वाळवंटातला जेरोम धडधाकट वयाचा होता, आणि त्याने जे भोगले ते त्या वयाचेच भोग होते. पुढे 384 मध्ये रोमहून युस्टोकियम नावाच्या तरुणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्याने त्या दिवसांचे वर्णन केले आहे. उन्हाने भाजून निघालेल्या त्या निर्जन प्रदेशात विंचू आणि श्वापदे यांचाच काय तो शेजार होता, तरी मन मात्र रोमच्या सुखांत आणि नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात वावरत असे. उपासाने चेहरा पांढरा पडला होता, अंग गार झाले होते आणि आत वासना जळत होती, असे तो सांगतो. दिवसामागून रात्र रडत काढल्याचे आणि मन शांत होईपर्यंत छाती बडवून घेणे न थांबवल्याचेही तो सांगतो. त्या ओळींत छाती बडवणे आहे, दगड नाही. दगड चित्रकारांनी दिला, कारण रिकाम्या मुठीपेक्षा दगड दुरून दिसतो.

त्याच पत्रात त्याचे ते प्रसिद्ध स्वप्न आहे. आजारात त्याला न्यायासनासमोर उभे करण्यात आले, तू कोण असे विचारण्यात आले, त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले आणि उत्तर मिळाले की खोटे बोलतोस, तू सिसेरोचा, त्या ख्रिस्तपूर्व रोमन वक्त्याचा आहेस, ख्रिस्ताचा नाहीस. मग फटके. जागा झाला तेव्हा खांदे काळेनिळे पडलेले होते, असा त्याचा दावा आहे. घरदार, आईवडील, बहीण, चांगले खाणे हे सगळे तो सोडू शकला होता; रोममध्ये मोठ्या कष्टाने जमवलेली ग्रंथसंपदा त्याला सोडवली नव्हती. उपास करायचा आणि मग सिसेरो वाचायचा, हा त्याचा क्रम होता. हा भाग मला त्या नाचणाऱ्या मुलींपेक्षा जास्त खरा वाटतो. शरीराची ओढ सगळेच कबूल करतात, त्यात एक प्रकारची प्रतिष्ठाही असते. आपल्याला चांगली भाषा वाचल्यावाचून राहवत नाही, हे पाप म्हणून मांडणारा माणूस विरळा.

वाळवंटातही तो एकटा नव्हता. ग्रंथ बरोबर होते, नकला उतरवून देणारे तरुण होते, पत्रे येत-जात होती, आणि शेजारच्या तापसांशी भांडणेही होती. त्याची श्रद्धा शुद्ध आहे की नाही हे ते त्याला रोज विचारत आणि तो चिडत असे. अखेर कंटाळून तो निघून गेला. पण जाण्याआधी त्याने तेथे एक गोष्ट केली, जी मला दगडापेक्षा फार मोठी वाटते. मनातले काहूर उपासाने शमेना, तेव्हा त्याने एका धर्मांतरित यहुदी तापसाकडे हिब्रू शिकायला सुरुवात केली. क्विंटिलियन आणि सिसेरो यांच्या घडीव लॅटिनवर पोसलेल्या या माणसाला अक्षरांपासून आरंभ करावा लागला आणि फूत्कार टाकीत, धापा टाकीत उच्चारायचे शब्द घोकावे लागले. उतारवयात रस्टिकस नावाच्या तरुण तापसाला लिहिताना तो सांगतो की किती श्रम पडले, किती वेळा निराश झालो, किती वेळा सोडून दिले आणि शिकण्याच्या ईर्ष्येने पुन्हा धरले, याची साक्ष माझे मन आणि माझ्याबरोबर राहणारेच देतील. पुढे बायबलचा जुना करार मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणण्याचे त्याचे प्रचंड काम उभे राहिले ते या वाळवंटातल्या पाटीवर. त्याच्या लॅटिन बायबलला ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1546 मध्ये अधिकृत म्हणून मान्यता दिली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अकराशेहून अधिक वर्षांनी.

मग सिंह कुठून आला? तो उसना आहे. जॉर्डन नदीकाठच्या गेरासिमस नावाच्या दुसऱ्याच तापसाने सिंहाच्या पंजातला काटा काढला अशी कथा होती. गेरासिमस आणि जेरोमचे लॅटिन नाव हिएरोनिमस यांची गल्लत झाली आणि सिंह एका संताकडून दुसऱ्याकडे गेला. तेराव्या शतकात याकोबुस दे व्होराजिने याने संतचरित्रांचा जो लोकप्रिय संग्रह केला त्यामुळे ही बदली कायमची झाली. त्या कथेत सिंहाला मठाच्या गाढवाची राखण करायला लावतात, गाढव चोरीला जाते, सिंहानेच ते खाल्ले असा आळ येतो आणि बिचाऱ्याला गाढवाच्या जागी लाकडे वाहावी लागतात. शेवटी तोच चोरांच्या तांड्यात गाढव ओळखून सगळा तांडा मठाकडे हाकून आणतो. चित्रकार जेरोमला देतात त्या लाल कार्डिनल टोपीचेही तसेच. ती टोपी कार्डिनलांना 1245 मध्ये मिळाली आणि जेरोम वारला 420 मध्ये. लिओनार्दोच्या चित्रात टोपी नाही आणि पुस्तकेही नाहीत. सिंह मात्र त्याने ठेवला.

फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकात दोन जेरोम शेजारीशेजारी नांदत होते. एक अभ्यासिकेतला पंडित. ओन्यिसांती चर्चमध्ये 1480 साली गिर्लांदायोने रंगवलेला जेरोम असा आहे. मेजावर गालिचा, मेजाला अडकवलेला चष्मा, कात्री, काळ्या आणि लाल शाईच्या कुप्या आणि लाकडावरून ओघळलेले शाईचे डाग. चौथ्या शतकात चष्मा नव्हता हे गिर्लांदायोला ठाऊक नसेल असे नाही, पण विद्वानाच्या मेजावर तो शोभतो. दुसरा जेरोम अरण्यातला, दगडवाला; त्याचे चित्र तस्कनीत 1400 च्या सुमारास रुळले आणि त्याला गिऱ्हाईक होते. जेरोमच्या नावाने चालणारी सामान्य गृहस्थांची मंडळे फ्लॉरेन्समध्ये होती आणि तेथे व्यापारी, कारागीर रात्री एकत्र जमून प्रार्थनेबरोबर स्वतःच्या पाठीवर आसूड ओढून घेत. दिवसा व्याजाचा व्यवहार आणि रात्री हा दंड, असे आयुष्य जगणाऱ्या शहराला दगड घेतलेला जेरोम आपला वाटला असेल तर त्यात नवल नाही. लिओनार्दोने आपले चित्र हाती घेतले ते बहुधा याच वर्षांत, 1480 च्या जवळपास. ते कोणासाठी काढले याचा कागद नाही.

एक कागद मात्र आहे आणि तो या चित्रापुढे उभे असताना मला सारखा आठवत होता. 1482 च्या सुमारास, फ्लॉरेन्स सोडून मिलानला जाण्याच्या बेताच्या काळात, लिओनार्दोने आपल्याजवळच्या कामांची एक यादी केली. ती आज मिलानला ‘कोडेक्स अतलांतिकस’ या बाडात आहे. त्यात निसर्गावरून काढलेली अनेक फुले आहेत, भट्ट्यांचे आराखडे आहेत, जहाजांची आणि पाण्याची काही यंत्रे आहेत, आठ संत सेबास्टियन आहेत आणि ‘काही संत जेरोम’ अशी नोंद आहे. त्याच यादीत आणखी एक ओळ येते: म्हाताऱ्या बायकांचे पुष्कळ गळे. तिच्या जोडीला म्हाताऱ्यांची पुष्कळ डोकी. संत मोजून काढलेले आणि गळे ‘पुष्कळ’. तीस वर्षांचा हा चित्रकार गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हनुवटीखाली कातडी कशी लोंबते, तिच्या आत काय ताणले जाते, हे कागदांमागून कागद भरून पाहत होता; आणि मग जेरोमची पाळी आली तेव्हा दाढीने तो गळा झाकून टाकणे त्याला मानवले नसणार.

सिंहाविषयीही त्याची माहिती ऐकीव नव्हती. फ्लॉरेन्सच्या नगरसत्तेने सिंह पाळलेले होते. तो शहराचा मानाचा प्राणी होता. शरीररचनेवरच्या टिपणांत लिओनार्दो लिहितो की आमच्या फ्लॉरेन्स शहरात पंचवीस-तीस सिंह कायम असतात आणि तेथे त्यांची पिल्लेही होतात. एका सिंहाला कोकराला चाटताना मी पाहिले, त्याने थोड्याच चाटण्यांत त्याच्या अंगावरची सगळी लोकर उतरवली आणि असे सोलून झाल्यावर ते खाल्ले. सिंहाची जीभ किती खरखरीत असते हे सांगण्यासाठी ही नोंद आहे आणि तिच्यात दयेचा मागमूस नाही. चित्रातल्या सिंहाला रंग लागलेला नाही, पण शेपटीचा तो लांब वळसा आणि उघडा जबडा हे प्राणी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे काम आहे. इतर चित्रांत सिंह संताच्या पायाशी पाळीव कुत्र्याच्या जागी बसवलेला असतो. येथे तो तोंड वासून जेरोमकडे पाहतो आहे. तो गुरगुरतो आहे, कण्हतो आहे की चकित झाला आहे, यावर जाणकारांचे एकमत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर माणूस स्वतःला मारून घेतो हे जनावराला उमगत नाही, एवढेच मला त्यात दिसते.

मला स्वतःलाही ते पूर्णपणे उमगते असे नाही. देहदंडाच्या चित्रांपुढे माझे मन सहसा आक्रसते. त्यात पुष्कळदा प्रदर्शन असते. रक्त ठळक, डोळे आभाळाकडे, आणि सोसणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण पाहिले जात आहोत याची जाणीव. जेरोमच्या बाबतीत तर या संशयाला आधारही आहे. हा माणूस वादात कमालीचा कडवट होता. रुफिनस या जुन्या मित्राशी बिनसल्यावर त्याने त्याच्या मृत्यूनंतरही त्याला सोडले नाही. रोममध्ये असताना त्याच्या शिकवणीने प्रभावित झालेल्या श्रीमंत स्त्रियांपैकी ब्लेसिला ही विशीतली विधवा कठोर उपासतापासानंतर 384 मध्ये मरण पावली. शहर खवळले, आणि तिच्या शोकमग्न आईला, पाउलाला, जेरोमने लिहिलेल्या पत्रात सांत्वनाइतकीच तिच्या अश्रूंबद्दल कानउघाडणी आहे. ते पत्र वाचवत नाही. पुढल्याच वर्षी त्याला रोम सोडावे लागले. पोप सिक्स्टस पाचवा याने म्हणे छाती बडवणाऱ्या जेरोमचे एक चित्र पाहून म्हटले होते की दगड हाती धरलास हे बरे केलेस, नाहीतर तुला संत मानणे जड गेले असते. किस्सा खरा असो वा नसो, ज्याने तो रचला त्याने जेरोमची पत्रे वाचलेली होती यात शंका नाही.

लिओनार्दोच्या चित्रात मन आक्रसत नाही, आणि त्याचे कारण मला त्या उगारलेल्या हातात सापडते. दगड छातीवर आदळताना दाखवलेला नाही. हात जितका मागे जाऊ शकतो तितका गेला आहे, खांद्याचा सांधा पुढे आला आहे, आणि हालचाल जेथे उलटते नेमक्या त्या टोकावर ती धरली आहे. छातीवर रक्ताचे ओरखडे काढून पाहणाऱ्याला पिळवटण्याची सोय येथे नाही. जे दिसते ते श्रम आहेत. शिरा, गळपट्टी, बरगड्यांवर ताणलेली कातडी, बाहीविना उघडा दंड. एक अशक्त शरीर एक जड वस्तू लांब धरून आहे आणि ते त्याला झेपत नाही. लिओनार्दोने पापाचे किंवा पुण्याचे काही सांगितलेले नाही. इच्छा आणि स्नायू यांच्या मधल्या जागेत काय घडते, एवढेच तो पाहतो. धार्मिक चित्राकडून याहून अधिक मागणाऱ्यांची यामुळे निराशा होईल. माझी झाली नाही.

विंडसर येथील राजसंग्रहातल्या लिओनार्दोच्या रेखाटनांचे अभ्यासक मार्टिन क्लेटन यांनी या चित्राविषयी एक विचार मांडला आहे आणि तो पुन्हा त्या गळ्यापाशीच येतो. त्यांचे म्हणणे असे की मानेचा तो दोन शाखांचा स्नायू लिओनार्दोला 1480 मध्ये ठाऊक नव्हता. 1495 च्या सुमाराच्या त्याच्या रेखाटनांतही तो चुकीचा, एकेरी आहे, आणि बरोबर दिसू लागतो तो 1510 च्या आसपास, जेव्हा त्याने पाविया येथे मार्कांतोनियो देल्ला तोर्रे या शरीररचनाशास्त्रज्ञाच्या सोबतीत प्रेतांची चिरफाड करून नोंदी केल्या. अवरक्त किरणांखाली पाहता चित्राच्या मूळ रेखाटनात ही दुहेरी शाखा आढळत नाही, असाही त्यांचा दाखला आहे. याचा अर्थ असा की फ्लॉरेन्समध्ये सुरू केलेली ही फळी लिओनार्दोने गावोगाव स्वतःबरोबर नेली आणि तीस वर्षांनी, साठीच्या उंबरठ्यावर, प्रत्यक्ष सोलून पाहिलेल्या मानेच्या ज्ञानाने तो गळा दुरुस्त केला. सगळ्यांना हे पटलेले नाही. पण ‘मोना लिसा’ आणि ‘संत ॲन’ या चित्रांवर तो वर्षानुवर्षे काम करीत राहिला हे माहीत असल्यावर मला ते अशक्य वाटत नाही. पापाच्या कबुलीपेक्षा अशा दुरुस्त्यांना मी अधिक मानतो, हे मात्र माझे वैयक्तिक मत.

चित्राची पुढची कथा प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते स्विस चित्रकर्ती अँजेलिका काउफमन हिच्या मृत्युपत्रात डोकावते आणि नाहीसे होते. मग नेपोलियनचा मामा कार्डिनल जोसेफ फेश याला त्याचा मोठा भाग रोममध्ये जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानात, पेटीचे झाकण म्हणून वापरलेला सापडला आणि संताचे डोके बूट शिवणाऱ्याकडे, बसायच्या स्टुलावर ठोकलेले. कथा फारच सुबक आहे, पण फळी खरोखरच कापली गेली होती, पाच तुकड्यांत, आणि डोक्याभोवतीच्या चौकोनाच्या सांध्यांच्या रेषा आजही दिसतात. फेशच्या मृत्यूनंतर लिलावांतून फिरत फिरत अखेर पोप पायस नववा याने ते 1856 मध्ये व्हॅटिकनसाठी घेतले. लिओनार्दोच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली त्या 2019 साली ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाठवले गेले. डावीकडच्या वरच्या भागात, जेथे आकाश आणि डोंगर एकमेकांत विरघळतात, तेथे लिओनार्दोच्या बोटांचे ठसे आहेत, याकडे त्या वेळी अनेकांचे लक्ष गेले. ओला रंग त्याने कुंचल्याऐवजी बोटांनी पसरवला होता.

आपल्याकडे जेरोमचे नाव फारसे तोंडी नसते. म्हापशाचे चर्च कागदोपत्री त्याच्या नावाचे आहे, पण गोव्यात कोणालाही विचारा, ते मिलाग्रिस सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, चर्च आहे. तिच्या जत्रेला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल घेऊन जातात आणि शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण मानली जाते. चष्मेवाल्या पंडिताला त्या गर्दीत कोण विचारणार. मला त्यात काही वावगे वाटत नाही. बहिणींच्या गोतावळ्यात बसण्याइतका हा माणूस मनमिळाऊ कधीच नव्हता.

बेथलेहेमला स्थायिक झाल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर, त्याने बारानिनास नावाचा एक यहुदी शिक्षक धरला. तो आपल्या लोकांच्या भीतीने रात्री येत असे. जेरोम लिहितो की लोकांना वाटले याचे शिकणे संपले. पण केवढ्या श्रमाने आणि केवढे पैसे मोजून मी पुन्हा शिकू लागलो. तोवर त्याचे केस पिकू लागले होते आणि शिष्यापेक्षा गुरू म्हणून बसणे शोभेल असे वय झाले होते, हेही तोच सांगतो. हा जेरोम कोणी रंगवल्याचे मला आठवत नाही. दगड नसता, सिंह नसता, तर चित्र विकले कसे गेले असते हा प्रश्नच आहे. क्लेटन यांचे म्हणणे धरून चालायचे तर तीस वर्षे जुन्या फळीकडे वळून मानेचा एक स्नायू नीट करणारा लिओनार्दो या जेरोमच्या सर्वांत जवळ पोचतो. गंमत अशी की तेवढ्यासाठी रंग, कुंचले पुन्हा बाहेर काढूनही त्याने सिंहाला मात्र हात लावला नाही.